खडे, भरड आणि वस्त्रगाळ: पृष्ठफळाचा अभिक्रियेच्या वेगावर होणारा परिणाम मोजून कसा पाहायचा

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ या धड्यात शहाबादी फरशीचा एक छोटा प्रयोग आहे. दोन परीक्षानळ्या घ्यायच्या, एकीत फरशीचे तुकडे, दुसरीत तेवढ्याच वजनाचा चुरा. दोन्हींत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. चुऱ्यात बुडबुडे जोरात येतात, तुकड्यांत सावकाश. कण लहान तर अभिक्रियेचा दर जास्त, असं वहीत लिहायचं. पाच मिनिटांत तास पुढे सरकतो.

एका वर्षी माझ्या वर्गात वेगळंच घडलं. घाईत मी चुरा आधीच अरुंद नळीत भरून ठेवला होता, तो तळाशी दाबून बसला. वरून आम्ल ओतलं तसा भसकन फेस आला आणि लगेच ओसरला. तुकडे मात्र आपले संथपणे फसफसत राहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, तुकडेच जास्त वेळ चाललेत की! मग जोरात कोण?” मी नळी तिरपी करून पाहिली. वर करडा चिखल झाला होता आणि त्याच्याखाली बोटभर चुरा अजून कोरडाच होता.

त्या मुलीच्या प्रश्नात दोन गोष्टी गुंतलेल्या होत्या. किती वेळ चाललं आणि किती वेगाने चाललं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ही पहिली. दुसरी माझ्या दृष्टीने अधिक मोलाची: चुऱ्याचं पृष्ठफळ कितीही मोठं असो, आम्लाला त्यातलं जेवढं शिवता येतं तेवढंच कामाचं. ‘बारीक म्हणजे वेगवान’ हे अर्धं वाक्य झालं. पुरतं वाक्य असं की जेवढं अंग उघडं, तेवढा वेग. खाली दिलेली सगळी कृती याच गोष्टीभोवती बेतलेली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत ती एका जोडतासात बसते.

आधी थोडा हिशोब

शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिला हे नाव पडलं. तिच्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं, जोडीला थोडी सिलिका आणि माती. हायड्रोक्लोरिक आम्लाशी कॅल्शियम कार्बोनेटची अभिक्रिया झाली की कॅल्शियम क्लोराईड, पाणी आणि कार्बन डायऑक्साईड तयार होतो. बुडबुडे दिसतात ते या कार्बन डायऑक्साईडचे.

आम्ल द्रव आहे, फरशी घन. आम्लातले हायड्रोजन आयन दगडाच्या आत शिरू शकत नाहीत. ते फक्त बाहेरच्या थराला भेटतात. तो थर विरघळला की खालचा उघडा पडतो. म्हणून कुठल्याही क्षणी अभिक्रिया किती जोरात चालणार, हे त्या क्षणी किती दगड उघडा आहे यावर ठरतं.

१ सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे घन पाडले तर होतात १,०००, आणि पृष्ठफळ होतं ६० चौरस सेंटिमीटर. आणखी दहापट बारीक केलं, म्हणजे बाजू ०.१ मिलिमीटर केली, की ६०० चौरस सेंटिमीटर. दगड तेवढाच, वजन तेवढंच. बाजू दहापट लहान केली की पृष्ठफळ दहापट वाढतं. हा हिशोब मुलांना फळ्यावर स्वतः करू द्या, सांगून टाकू नका. हजार घनांचा गुणाकार त्यांच्या हातून झाला की पुढचं सांगावं लागत नाही.

बारीक दळण्याची ही ताकद माणसाने किती मोठ्या प्रमाणावर वापरली आहे, ते सिमेंटच्या पोत्यात दिसतं. शहाबाद-वाडी पट्ट्यातल्या चुनखडकापासून सिमेंटही बनतं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या १ किलोचं पृष्ठफळ किमान २२५ चौरस मीटर असावं लागतं. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यात ११,२५० चौरस मीटर, आपल्या भाषेत १११ गुंठे, पावणेतीन एकर! लवकर कडक होणाऱ्या सिमेंटसाठी हीच अट किलोला किमान ३२५ चौरस मीटर आहे. त्याच्या लवकर कडक होण्यात मोठा वाटा बारीक दळण्याचा असतो. पाण्याला भिडायला जितकी जागा जास्त, तितकं ते लवकर धरतं. पावसाळ्यात ओल लागून गाठी झालेलं सिमेंट गवंडी बाजूला काढतो, तेही याचमुळे. त्याच्या उघड्या अंगाची पाण्याशी अभिक्रिया आधीच होऊन गेलेली असते.

भुशाच्या शेगडीने शिकवलेलं

चूल पेटवताना आधी काटक्या आणि ढलप्या लावतात, ओंडका नंतर. लाकूड एकच, पण काटकीचं अंग जास्त उघडं, तिला हवा चहूबाजूंनी मिळते. मग लाकडाचा भुसा तर काटकीपेक्षाही भराभर पेटायला हवा. पण गॅस घरोघरी येण्यापूर्वी भुशाची शेगडी असायची, ती आठवा. मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद ओढून काढायची. मधे पोकळी राहते आणि भुसा तिच्या भिंतीवरच जळत जातो, तासन्‌तास, मंद. एवढा बारीक भुसा असूनही हवेला भेटते ती फक्त त्या पोकळीची भिंत.

माझ्या परीक्षानळीतला दाबून बसलेला चुरा आणि हा ठासलेला भुसा, दोन्हींची गोष्ट एकच. म्हणून खालच्या कृतीत अरुंद नळीऐवजी रुंद शंकुपात्र घेतलं आहे, आणि पूड आधी न भरता आम्लात वरून सोडायची आहे.

साहित्य

शहाबादी फरशीचा एक तुकडा. फरशीच्या दुकानात कापून उरलेले कोपरे मागितले की मिळतात. तिन्ही नमुने त्याच एका तुकड्यातून काढायचे, हे फार महत्त्वाचं. एका फरशीचे तुकडे आणि दुसरीकडून आणलेली पूड घेतली तर फरक आकाराचा की दगडाचा, हे कधीच कळणार नाही.

त्याशिवाय लोखंडी खलबत्ता (स्वयंपाकाचा नको, वेगळा ठेवा), रव्याची चाळणी, मैद्याची चाळणी, पातळ सुती कापड, २५० मिलिलिटरची तीन शंकुपात्रं, मोजपात्र, कापूस, घड्याळ, आलेख कागद. आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, किमान ५०० ग्रॅम पेलणारा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे चालत नाही.

आम्ल १ मोलार (मोलार हे द्रावणाच्या संहतीचं माप) हायड्रोक्लोरिक, ३०० मिलिलिटर. ते शिक्षकांनी किंवा प्रयोगशाळा सहायकांनीच बनवायचं. ३५ टक्क्यांचं संहत आम्ल लिटरला साधारण ९० मिलिलिटर लागतं. आधी पाणी, मग त्यात आम्ल, सावकाश ढवळत. उलटं कधीही नाही. न्हाणीघर धुवायचं अ‍ॅसिड आणून काम भागवू नका. त्याची संहती ठाऊक नसते, त्यात इतर पदार्थ असतात, आणि ते ब्लीचिंग पावडरशी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेततो.

डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, खिडक्या उघड्या. दगड कुटताना फडक्यात गुंडाळून कुटा आणि तोंडाला मास्क लावा. त्या धुळीत सिलिका असते.

कृती

पहिली पायरी: तीन नमुने. दगड कुटून तीन ढीग करा. खडे हरभऱ्याएवढे. भरड रव्यासारखी, रव्याच्या चाळणीतून पडेल पण मैद्याच्या चाळणीवर राहील अशी. पूड कापडातून गाळलेली, वस्त्रगाळ. हे शब्द जात्यावरच्या आणि खलातल्या कामातले, आणि कणाचा आकार सांगायला ते आजही चोख आहेत.

दुसरी पायरी: खडे आणि भरड धुणे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कुटताना खड्यांना बारीक धूळ चिकटते. ती तशीच ठेवली तर आम्लात टाकताच धुळीचा फेस येतो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटाची नोंद फसवी निघते. पाण्याने दोनदा धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. पूड धुऊ नका, नुसती वाळवा.

तिसरी पायरी: वजन. प्रत्येक नमुना ३ ग्रॅम. चमच्याने मोजायचं नाही, कारण चमचाभर खडे आणि चमचाभर पूड यांचं वजन वेगळं भरतं. ३ ग्रॅम चुनखडक म्हणजे साधारण १.१ घन सेंटिमीटर. त्यावरून अंदाज येतो: खड्यांचं पृष्ठफळ ८ चौरस सेंटिमीटरच्या आसपास, १ मिलिमीटरची भरड असेल तर ६५, आणि ०.१ मिलिमीटरची पूड असेल तर ६५० च्या पुढे. ए-फोर कागदाची एक बाजू ६२४ चौरस सेंटिमीटर भरते. चिमटीभर पुडीत अख्खा कागद मावला आहे.

चौथी पायरी: काट्यावर मांडणी. शंकुपात्रात १०० मिलिलिटर आम्ल घ्या. हिशोबाने ३ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटला ६० मिलिलिटर पुरतं. आम्ल मुद्दाम जास्त घेतलं आहे, नाहीतर आम्ल संपल्यामुळे थांबलं की दगड संपल्यामुळे, हे ठरवता येत नाही. पात्र काट्यावर ठेवा. त्याच्या शेजारी, काट्यावरच, नमुन्याची कागदाची पुडी आणि तोंडाला लावायचा कापसाचा सैल बोळा ठेवा. आता काटा शून्यावर आणा. पंखा बंद करा, वाऱ्याने शेवटचे आकडे नाचत राहतात.

पाचवी पायरी: सुरुवात. पुडी आम्लात रिकामी करा, कागद काट्यावर परत ठेवा, बोळा सैल बसवा, घड्याळ चालू करा. बोळ्यामुळे वायू बाहेर जातो पण तुषार आत राहतात. काटा आता उणे आकडे दाखवू लागेल. तो आकडा म्हणजेच पात्रातून निघून गेलेला वायू. वस्त्रगाळ पुडीच्या वेळी फेस पात्राच्या मानेपर्यंत चढू शकतो, म्हणून आधी एका चिमटीची चाचणी घ्या आणि चेहरा पात्रावर वाकवू नका.

सहावी पायरी: नोंदी. पहिली दोन मिनिटं दर १५ सेकंदांनी, नंतर दर मिनिटाला, पंधरा मिनिटांपर्यंत. दर मिनिटाची नोंद झाली की पात्र उचलून तीन सेकंद गोल हलवा आणि परत ठेवा. तिन्ही वेळा अगदी सारखंच. हे हलवणं पुडीसाठी आहे, ती तळाशी थर करून बसू नये म्हणून. पण खड्यांनाही तेवढंच हलवायचं, नाहीतर तुलना मोडते. तिन्ही खेळ एकाच बाटलीतल्या आम्लाने आणि एकापाठोपाठ एक करा. सकाळी एक आणि दुपारी दुसरा केला तर उन्हाने वाढलेलं तापमानही त्यात मिसळतं.

आलेख वाचताना

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर निघून गेलेला वायू. तिन्ही रेषा एकाच कागदावर, वेगळ्या रंगांत.

पुडीची रेषा उभी चढते आणि एक-दोन मिनिटांतच सपाट होते. भरडीची तिरकी चढून वळते. खड्यांची जमिनीला धरून चालते आणि पंधरा मिनिटांनीही चढतच असते. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे कागदावर मिळतं: वेग म्हणजे रेषेचा उतार, तिची लांबी नव्हे. खडे जास्त वेळ चालतात, कारण ते हळू चालतात.

यापुढचं निरीक्षण मला सगळ्यात सुंदर वाटतं. खडे पूर्ण विरघळेपर्यंत थांबलात तर तिन्ही रेषा जवळपास एकाच उंचीवर येऊन टेकतात. बारीक केल्याने वायू जास्त निघत नाही, लवकर निघतो. हिशोबाने ३ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून १.३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साईड सुटायला हवा. तुमचा आकडा त्याहून कमी भरेल. शहाबादी शुद्ध नसते, तळाशी न विरघळलेला करडा गाळ राहतो. थोडा वायू द्रवात विरघळून राहतो. थोडा पात्रातच रेंगाळतो, कारण तो हवेपेक्षा जड आहे. आकडा कमी आला म्हणून मुलांनी तो ‘सुधारून’ लिहू नये. तो कमी का आला, हे लिहिलं की प्रयोग पुरा झाला.

पृष्ठफळ खड्यांपेक्षा पुडीचं ऐंशीपट असूनही सुरुवातीचा वेग ऐंशीपट निघत नाही. कारण पुन्हा तेच, उघडं अंग. पुडीचे कण एकमेकांना चिकटतात, प्रत्येक कणाभोवती वायूचे बुडबुडे बसून आम्लाला अडवतात, आणि लगतचं आम्ल खर्च झालं की ताजं आम्ल तिथे पोचायला वेळ लागतो.

उघडं अंग झाकून पाहा

वेळ असेल तर ही जोडचाचणी जरूर करा, फक्त शिक्षकांनी. धुतलेले खडे घ्या आणि हायड्रोक्लोरिकऐवजी विरल सल्फ्युरिक आम्ल, ०.५ मोलार. सुरुवातीला बुडबुडे येतात आणि मग ते मंदावत जातात. दगड शिल्लक आहे, आम्लही शिल्लक आहे, तरी काम अडलं. खडा चिमट्याने काढून धुऊन पाहिला तर त्यावर पांढुरकी साय धरलेली दिसते. ती कॅल्शियम सल्फेटची. ती पाण्यात फारच थोडी विरघळते, म्हणून खड्याचं अंग झाकून टाकते. आतलं कॅल्शियम कार्बोनेट जसंच्या तसं, पण त्याच्यापर्यंत वाट नाही.

घरी करायचं असेल तर

आम्ल म्हणून स्वयंपाकघरातलं व्हिनेगर आणि दगडाऐवजी अंड्याचं कवच. कवचात बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटच असतं. आतली पातळ पांढरी त्वचा सोलून काढा, ती राहिली तर व्हिनेगरला एका बाजूने अडवते. कवच वाळवा. निम्मं हाताने मोडा, निम्मं खलात वस्त्रगाळ करा. १-१ ग्रॅम दोन पेल्यांत घेऊन प्रत्येकात ५० मिलिलिटर व्हिनेगर ओता. पुडीत लगेच फेस येतो, तुकड्यांच्या अंगावर मोत्यांसारखे बुडबुडे चिकटून बसतात आणि एकेक करून सुटतात. ज्यांना अंडं नको त्यांनी समुद्रावरचे शिंपले घ्यावेत. कोकणात चुना शिंपल्यांपासूनच भाजत, त्यांचा मुख्य घटक तोच.

फळ्यावरचा खडू मात्र घेऊ नका. आपल्याकडचा साधा खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. तो व्हिनेगरमध्ये नुसता भिजतो, फसफसत नाही. बाजारची रांगोळीही नको, ती नेमकी कुठल्या दगडाची ते पुडीवर लिहिलेलं नसतं. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून हाच प्रयोग झाला असं कुणी म्हणालं तर थांबवा. पृष्ठफळाचा फरक तिथेही दिसतो, पण साखर विरघळणं ही रासायनिक अभिक्रिया नव्हे, पाणी आटवलं की साखर परत मिळते.

एक गोष्ट कुणीही करून पाहू नये: पीठ, पिठीसाखर किंवा भुसा ज्योतीवर उधळणे. ठासलेला भुसा मंद जळतो, पण तोच हवेत उडाला की प्रत्येक कण चहूबाजूंनी उघडा होतो. अमेरिकेत मिनियापोलिसच्या वॉशबर्न पीठगिरणीत २ मे १८७८ रोजी हवेतल्या पिठाने पेट घेऊन स्फोट झाला आणि १८ माणसं गेली. जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीने असाच घात केला, १४ कामगार मृत्युमुखी पडले. आगीचा फरक दाखवायचाच असेल तर दिवाळीतली फुलबाजी पुरे. तिच्यातून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे लोखंडासारख्या धातूचे जळणारे बारीक कण असतात, आणि तेच लोखंड खिळ्याच्या रूपात ज्योतीत धरलं तर नुसतं लाल होतं.

आवरताना

उरलेलं आम्ल तसंच मोरीत ओतू नका. कुटताना जास्तीची पूड उरलेली असेलच. ती थोडी थोडी त्यात टाकत जा, बुडबुडे येणं थांबलं की आम्ल संपलं. मग भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या. इथे पूडच वापरा, खडे टाकलेत तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल.

पंधरा मिनिटांनी पात्रातून काढलेले खडे फेकू नका. धुऊन मुलांच्या तळहातावर ठेवा आणि शेजारी न वापरलेला एक खडा द्या. नव्याच्या कडा धारदार, बोटाला टोचणाऱ्या. आम्लातून आलेल्याच्या कडा गुळगुळीत, कोपरे गोलावलेले. सपाट भागाला आम्ल एकाच बाजूने भिडतं, कडेला दोन बाजूंनी, कोपऱ्याला तीन.